भिगवणसाठी कॅमेरा: वापरलेला डी५०० की वापरलेला ७डी मार्क टू?

कऱ्हाकाठी | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी बारामतीची. भिगवण तासाभराच्या आत, कडबनवाडीचं माळरानही फार लांब नाही. सहा वर्षं दुर्बीण आणि वही घेऊन पक्षी बघत हिंडतेय. फोटो भावाने दिलेल्या छोट्या कॅमेऱ्यावर काढते. त्यात बसलेला बगळा बरा येतो, उडालेला बगळा म्हणजे नुसता पांढरा फराटा. यंदा भिशी लागली, त्यात थोडी भर घालून सव्वा लाखापर्यंत जाऊ शकते. नवीन परवडत नाही, म्हणून वापरलेलंच बघतेय. सध्या दोन सौदे समोर आहेत:

पहिला, निकॉन डी५०० आणि २००-५०० एफ/५.६ लेन्स. पुण्यातले एक डॉक्टर मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) चाललेत. शटर काउंट (आजवर काढलेले फोटो) ३८ हजार म्हणतात. दोन्ही मिळून १ लाख २८ हजार.

दुसरा, कॅनन ७डी मार्क टू आणि ४०० एफ/५.६. झूम नाही, आयएस (हाताची थरथर सांभाळणारी सोय) नाही. फलटणचे लग्नाचे फोटोग्राफर आहेत. ८६ हजार, 'थोडं इकडंतिकडं करू' म्हणाले.

कागदावर दोन्ही सारखेच दिसतात: वीस मेगापिक्सेल, सेकंदाला दहा फोटो, दोन कार्डं. मग बेचाळीस हजार जास्त नेमके कशाचे?

टवाळ_टिटवी | शनिवार, रात्री ९:५८

तांबडा की पांढरा, मिसळ कुठली आणि निकॉन की कॅनन. चहा टाकतो, पुढच्या बाकावर बसतो.

एफ_माउंट | शनिवार, रात्री १०:२०

डी५००. विचार करायचं कारणच नाही.

७डी मार्क टू आला २०१४ च्या सप्टेंबरात, डी५०० जाहीर झाला २०१६ च्या जानेवारीत. मधल्या सव्वा वर्षात बरंच पाणी वाहून गेलं. डी५०० मध्ये फोकसचे १५३ बिंदू, तिकडे ६५. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे बिंदू जवळजवळ फ्रेमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेत. पक्षी मध्यावरून निसटला तरी फोकस त्याला धरून राहतो. एक्सक्यूडी कार्डावर सलग २०० रॉ (सेन्सरवरून आलेले कच्चे) फोटो ओढतो. कॅनन ३१ रॉ झाले की धापा टाकायला लागतो, म्हणजे दहाच्या वेगाने तीन सेकंद. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा काय तीन सेकंदांत उडून संपतो?

बॅटरीचं अधिकृत माप १२४० फोटो विरुद्ध ६७०. स्क्रीन वर-खाली कलते, त्यामुळे होडीच्या काठावरून पाण्यालगत कॅमेरा धरता येतो. ७डी टूची स्क्रीन जागची हलत नाही.

आणि ५०० ते ५०० मिलिमीटर. निकॉनचं १.५ गुणलं तर ७५०, कॅननचं ४०० गुणिले १.६ म्हणजे ६४०.

शेकाट्या | शनिवार, रात्री ११:०५

एफ_माउंट, तुझं सगळं खरं, पण तू फक्त कॅमेरा बघतोयस. ताई कॅमेरा आणि काच, म्हणजे लेन्स, दोन्ही घेतायत.

कॅननची ४०० एफ/५.६ ही काच १९९३ ची. जुनी म्हणून नाक मुरडू नका. वजन १२५० ग्रॅम. हूड त्यातच, पुढे सरकवला की झालं. झूमची भानगडच नसल्यामुळे आतलं सगळं साधं आणि फोकस चपळ. उडत्या पक्ष्यांसाठी ही काच वापरणारे आजही पुष्कळ आहेत. आयएस नाही हे खरं, पण उडता पक्षी १/१६०० सेकंदापेक्षा संथ शटरवर कोण टिपतो? तिथे आयएस असून नसून सारखंच.

खोट आहे ती दुसरीकडे. कमीत कमी साडेतीन मीटरवर फोकस होतो. चतुर, फुलपाखरं विसरा.

भोवत्या | रविवार, सकाळी ६:४०

सोलापूरहून. माळावर निघता निघता लिहितोय.

ते ७५० विरुद्ध ६४० प्रकरण आधी निकाली काढू. गुणाकाराने काच लांब होत नाही, सेन्सर छोटा म्हणून फ्रेम आवळली जाते इतकंच. कॅननचा सेन्सर २२.४ मिमी रुंद, त्यात ५४७२ पिक्सेल. निकॉनचा २३.५ मिमी, त्यात ५५६८. म्हणजे दर मिलिमीटरला कॅननचे अंदाजे २४४ आणि निकॉनचे २३७. एकाच लांबीच्या काचेत पक्षी दोघांकडे जवळपास तेवढाच येणार, कॅननकडे किंचित मोठाच. पण इथे ५०० विरुद्ध ४०० आहे, तेव्हा निकॉनवर पक्षी साधारण एक पंचमांशाने मोठा, आणि क्षेत्रफळाने पाहिलं तर जवळजवळ दीडपट. कापून छापायचं असेल तर हा फरक जाणवतो.

ताई, तीन गोष्टी सांगा. फोटो मुख्यतः होडीतून की गाडीतून की चालत? उजेडातले की कडबनवाडीला संध्याकाळी घुबड निघाल्यावरचे? आणि तुमच्या हिंडणाऱ्या मंडळींत कोणाकडे काय आहे?

एफ_माउंट | रविवार, सकाळी ९:१५

गुणाकाराचं मान्य. शेवटी दीडपट आलंच ना? :)

आणखी एक राहिलं. कमी आयएसओवर (सेन्सरची उजेड टिपण्याची तीव्रता कमी ठेवून) निकॉनच्या फाइलमध्ये सावल्यांत दोनेक स्टॉपची जादा जागा आहे, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. काळ्या गाळावर पांढरा बगळा उभा असला की पांढरा जपण्यासाठी एक्सपोजर खाली आणावं लागतं आणि गाळ काळाठिक्कर होतो. घरी आल्यावर निकॉनमध्ये तो गाळ उचलता येतो, कॅननमध्ये उचलला की त्यात रवा दिसतो.

कऱ्हाकाठी | रविवार, दुपारी २:३०

सर्वांचे आभार. भोवत्यादादा, उत्तरं देते.

जास्त करून होडीतून. आमचा होडीवाला ठरलेला आहे. इंजिन लांबच बंद करतो आणि पुढे बांबूने होडी रेटतो. कडबनवाडीला भावाची गाडी. चालणं कमी. उजेड सकाळचाच, संध्याकाळी बँकेतून निघेपर्यंत अंधार होतो. ग्रुपमध्ये आम्ही पाच जणी. दोघींकडे कॅनन, एकीकडे सोनी, दोघींकडे फक्त दुर्बीण.

एक सांगायचं राहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला होता. डोक्यामागे हात जात नव्हता, वेणी घालायला लेक लागायची. फिजिओथेरपीने आता बरा आहे. याचा इथे संबंध आहे की नाही ते तुम्हीच सांगा.

ताकभात | रविवार, दुपारी ३:१०

संबंध? ताई, इथे तोच सगळा संबंध आहे!

हे सगळे बिंदू मोजत बसलेत, वजन कोणी मोजलं नाही. मी बसले मोजायला. डी५०० बॅटरी आणि कार्डासह ८६० ग्रॅम, २००-५०० कॉलरसकट २३०० ग्रॅम. बेरीज ३१६०. तिकडे ७डी टू ९१० आणि काच १२५०. बेरीज २१६०. बरोब्बर एक किलोचा फरक. योगायोगाने इतकी सुबक बेरीज निघाली की मी दोनदा करून पाहिली.

आता स्वयंपाकघरात जा. एक लिटरच्या पाण्याच्या तीन बाटल्या पिशवीत घालून तोंडासमोर धरा, कोपर छातीला टेकवून, खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे बघत. घड्याळ लावा. मग एक बाटली काढून पुन्हा. हे करून झाल्याशिवाय कोणाला एक रुपया देऊ नका.

मीसुद्धा मोठी काच घेऊन बसलेय. पहिल्या महिन्यानंतर ती कपाटातच असते. साड्यांच्या वरच्या कप्प्यात.

टवाळ_टिटवी | रविवार, दुपारी ३:२२

कावळा पिशवी बघून उडाला तर त्याचेही फोटो टाका.

सातासमुद्रा | रविवार, संध्याकाळी ७:४५

मी बाहेरून बघतोय म्हणून सांगतो, दोन्ही आरशाचे कॅमेरे आहेत आणि दोन्ही बंद झालेत. मिररलेस का नाही? कॅनन आर१० आणि आरएफ १००-४००: ४२९ ग्रॅम अधिक ६३५ ग्रॅम. सगळं मिळून किलोपेक्षा जरासंच जास्त. खांद्याचा प्रश्नच मिटला. पक्ष्याचा डोळा कॅमेराच शोधतो.

शेकाट्या | रविवार, रात्री ८:३०

सातासमुद्रा, वजनाचं बरोबर. पण ती काच ४०० वर एफ/८ आहे, म्हणजे एफ/५.६ च्या निम्मा उजेड. आणि दोन्ही नवीन घ्यायचं तर इथे ताईंच्या भिशीत बसत नाही. वापरलेलं आमच्याकडे सहज हाती लागत नाही.

तुमच्या मुद्द्यातलं एक मात्र उपयोगी पडेल. ४०० एफ/५.६ आज घेतली आणि दोन-तीन वर्षांनी आर७ घेतला, तर कॅननच्याच अडॅप्टरने ही काच त्यावर चालेल. आर७ च्या बॉडीतच स्थिरीकरण आहे, म्हणजे या १९९३ च्या काचेला म्हातारपणी आयएस मिळेल. निकॉनची २००-५०० सुद्धा एफटीझेड अडॅप्टरवर व्यवस्थित चालते. तेव्हा काचेत घातलेला पैसा दोन्हीकडे वाया जात नाही.

भोवत्या | रविवार, रात्री ९:१०

एफ_माउंट आता निकॉनच्या ३०० एफ/४ पीएफ या हलक्या काचेची आठवण काढणार, त्याआधी मीच काढतो. ७५५ ग्रॅम, व्हीआर (निकॉनचं आयएस) आहे, १.४ चा कन्व्हर्टर लावला की ४२० एफ/५.६. डी५०० वर स्वर्ग. पण वापरलेल्या पीएफचा भाव बघा आणि बॉडीला काय उरतं ते बघा. आमच्याकडच्या गणितात बसत नाही.

एफ_माउंट | रविवार, रात्री ९:१४

काढणारच होतो. :(

दुरुस्तीवाला | सोमवार, सकाळी ११:००

ठाण्याहून. कॅमेरे उघडून पोट भरतो, त्यामुळे कंपनीपेक्षा जुन्या मालाची जास्त काळजी. काय तपासायचं ते सांगतो.

शटर काउंट ऐकीव नको. निकॉनमध्ये सोपं: कॅमेऱ्यातून थेट आलेला एक ताजा जेपीजी मागवा, त्याच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलीतच नोंदलेल्या माहितीत) आकडा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा नको, तिथे सगळं पुसलं जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ७डी टूच्या फोटोत आकडा येत नाही. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. लग्नवाल्याचा आहे ना, मग काढाच. दोन्ही शटर दोन लाखांसाठी बनवलेत. दोन लाख एकाव्या फोटोला मोडतं असं नाही, पण भाव पाडायला आकडा हातात हवा.

७डी टूमध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आहे. खाचेत टॉर्च मारून पिना बघा. कार्ड तिरकं दाबलं की पीन वाकते. अशी एक वाकलेली पीन सरळ करायला मी एकदा सुई घेऊन दोन तास बसलो होतो आणि शेवटी पूर्ण खाच बदलली. डी५०० मध्ये एक्सक्यूडी आहे, ते आपटलं तरी काही होत नाही, पण कार्ड आणि रीडर दोन्ही महाग. डॉक्टर कार्ड देतायत का, आधी विचारा.

काच: मागून टॉर्च मारा, पुढून बघा. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी, तिथून उठा. बारामतीच्या हवेत शक्यता कमी, पण काच आधी कोकणात राहिली असेल तर सांगता येत नाही. २००-५०० चा झूम फिरवून बघा, अडकता कामा नये. तो २०० पासून ५०० पर्यंत एका मनगटात पुरा होत नाही, हात बदलावा लागतो, हा दोष नव्हे, ती काच तशीच आहे.

आणि फोकस. मोबाइलचं खोकं दहा मीटरवर तिरकं ठेवा, मधल्या अक्षरावर फोकस करा, पुढचं स्पष्ट येतं की मागचं ते बघा. थोडा फरक दोन्ही कॅमेऱ्यांत मेनूतून काढता येतो. डी५०० तर लाइव्ह व्ह्यूमध्ये स्वतःच काढून देतो.

कऱ्हाकाठी | सोमवार, रात्री १०:१५

ताकभात, बाटल्यांचा प्रयोग केला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त नंतर लेकीला विचारलं, 'तुझ्या आईला बरं आहे ना?'

तीन बाटल्या: पहिल्यांदा ३८ सेकंद, पाच मिनिटांनी २५, तिसऱ्यांदा १९ आणि हात थरथरायला लागला. दोन बाटल्या: ७०, ६२, ५५. तिसऱ्या वेळीही हात स्थिर. लेकीने आकडे दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहिलेत.

पण पिशवी म्हणजे कॅमेरा नव्हे, हेही कळतं. डॉक्टर येत्या रविवारी भिगवणला येणारच आहेत. फलटणच्या दादांना गळ घातली, ते भाच्याबरोबर कॅमेरा पाठवतायत. दोन्ही एकाच होडीत, एकाच सकाळी.

एफ_माउंट | सोमवार, रात्री १०:३०

दोन सूचना. होडीच्या काठावर बीनबॅग ठेवा, जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात राजमा भरला की झाली. वजन काठावर, हातावर नाही. आणि डी५०० वर ग्रुप एरिया (फोकसचे काही बिंदू एकत्र) लावा, पाण्यावरून उडणाऱ्या पक्ष्याला उत्तम.

शेकाट्या | सोमवार, रात्री १०:४१

कॅननवर एआय सर्व्हो (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस), फोकस अंगठ्याखालच्या मागच्या बटणावर. १/२००० आणि आयएसओ ऑटो. बाकी मेनूत फिरू नका, फोकसच्या त्या सहा 'केस'मध्ये (तयार सेटिंगांमध्ये) माणूस हरवतो.

कऱ्हाकाठी | पुढचा रविवार, रात्री ९:००

लांबलचक लिहितेय, आधीच माफी.

साडेसहाला कुंभारगावच्या काठावर. डॉक्टर, फलटणचा भाचा, माझी लेक आणि मी. होडीवाल्याने दोन्ही कॅमेऱ्यांकडे बघून विचारलं, 'ताई, फोटो काढायचेत का पाखरं मारायचीत?'

पहिला सव्वा तास डी५००. डोळा लावला आणि समजलं की एफ_माउंट उगाच भांडत नव्हते. दृश्य मोठं आणि स्वच्छ. रोहित लांब, गुडघाभर पाण्यात माना उलट्या घालून चरत होते. ५०० ला ते आवाक्यात आले. राजम्याची पिशवी काठावर, त्यावर काच, कललेल्या स्क्रीनवर बघत बगळ्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो काढले. असे फोटो मी आजवर फक्त दुसऱ्यांचे पाहिले होते. थवा उठला तेव्हा झूम मागे आणला, हात बदलावा लागला, तरी शेवटचे पंधरा-वीस पक्षी पुरे फ्रेममध्ये आले.

मग कवड्या खंड्या आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: काळापांढरा, पाण्यापासून दोन पुरुष उंचीवर हवेत टांगल्यासारखा थांबतो, चोच सरळ खाली, पंख इतके भराभर हलतात की अंग तेवढं स्थिर दिसतं. कधी पाच सेकंद, कधी दहा, मग दगडासारखा खाली. तिथे बीनबॅग कामाची नाही, कॅमेरा वर उचलावाच लागतो. पहिल्यांदा उचलला, धरला, तो टांगलेलाच राहिला, मी दमून खाली घेतला आणि त्याच क्षणी त्याने बुडी मारली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कॅमेरा मांडीवरून डोळ्यापर्यंत येईस्तोवर पाण्यावर फक्त वर्तुळं उरली होती. तीन बुड्या, शून्य फोटो. डी५०० चा काही दोष नाही. तो दहाच्या वेगाने तयार होता, मी नव्हते.

आठच्या सुमारास अदलाबदल. ७डी टू हातात घेतला आणि पाठीवरून दळण उतरवल्यासारखं वाटलं. तोच खंड्या, तीच जागा. पाच बुड्यांपैकी दोन मिळाल्या. एकात तो पाण्यातून बाहेर येतोय, पंखांवरून थेंबांची झालर सुटलीय. चोचीत मासा नाही, हुकला बिचाऱ्याचा, पण डोळा असा टोकदार आलाय की लेकीने झूम करकरून तीनदा बघितला.

मग शिक्षा झाली. रोहितांचा एक थवा थेट डोक्यावरून गेला, इतका जवळ की पंखांचा आवाज ऐकू आला. ४०० मागे येत नाही. माझ्याकडे एका फोटोत माना आहेत आणि दुसऱ्यात पाय. मागे बसलेले डॉक्टर हसले. त्यांच्या हातात तेव्हा डी५०० होता आणि झूम २०० वर.

परत येताना काठच्या बाभळीत शिक्रा बसला होता, सावलीत. कॅननला आयएस नाही म्हणून १/६४० च्या खाली जायची हिंमत होईना, आयएसओ ३२०० गेला आणि पिसांवर दाणे आले. डॉक्टरांनी त्याच फांदीवरचा त्याच उजेडात १/२५० ला काढला, व्हीआर चालू, आयएसओ १२५०. तो फोटो स्वच्छ आहे. घरी लॅपटॉपवर गाळ उचलून पाहिला, रव्याचंही खरं निघालं. निकॉनची फाइल बघून जीव हळहळला.

लेकीने मात्र एक बरं विचारलं: 'आई, तू सावलीतल्या बसलेल्या पक्ष्यांसाठी कॅमेरा घेतेयस का उडणाऱ्यांसाठी?'

७डी टू घेतेय.

एफ_माउंट | पुढचा रविवार, रात्री ९:२०

मोनोपॉडचा विचार केलात का? तिन्ही बुड्या मिळाल्या असत्या.

कऱ्हाकाठी | पुढचा रविवार, रात्री ९:३१

होडीवाल्याकडे विषय काढला होता. म्हणाला, 'माझ्या होडीत एकच बांबू, आणि तो माझा.'

ताकभात | पुढचा रविवार, रात्री ९:३५

या होडीवाल्याला इथे सभासद करून घ्या.

दुरुस्तीवाला | पुढचा रविवार, रात्री १०:०५

निर्णय योग्य वाटला. शटर काउंट काढलात का?

कऱ्हाकाठी | मंगळवार, रात्री ८:४०

काढला. भाच्याच्या लॅपटॉपला केबलने जोडून. १ लाख ६४ हजार! दादा शांतपणे म्हणाले, 'सीझनला दिवसाला तीन लग्नं असतात हो.' मीही शांतपणे तुमचं दोन लाखांचं गणित सांगितलं. ८६ वरून ७८ वर आले, वर एक ३२ जीबीचं कार्ड आणि दुसरी बॅटरी. पिना सरळ आहेत, टॉर्चने बघितल्या. काचेत धूळ आहे, जाळं नाही. खोक्यावर फोकस किंचित मागे जात होता, मेनूतून सुधारला.

उरलेल्या पैशांतून पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल आणणार. बाकीचे ठेवून देते, आर७ साठी म्हणा किंवा शटरसाठी.

पट्टा बदलायचा राहिलाय. त्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत फोटो स्टुडिओचं नाव आहे. काल कडबनवाडीला धाविक पक्ष्यांच्या मागे पोटावर सरपटत होते, तर मेंढ्या चारणाऱ्या आजोबांनी विचारलं, 'कुणाचं लगीन हाय माळावर?'

शेकाट्या | मंगळवार, रात्री ८:५२

अभिनंदन! पट्टा ठेवा हो, लकी आहे.

एफ_माउंट | मंगळवार, रात्री ९:३०

अभिनंदन ताई. डॉक्टरांचा नंबर व्यनि करता का? त्यांची २००-५०० अजून गेली नसेल तर मला हवीय. माझा खांदा ठणठणीत आहे.

आणि येत्या रविवारी मी कुंभारगावला येतो. तुम्ही, मी आणि तो खंड्या. दहा बुड्या. ज्याला कमी मिळतील त्याने सर्वांना चिलापी फ्राय खिलवायची.

टवाळ_टिटवी | मंगळवार, रात्री ९:३३

मी पंच. बिना कॅमेऱ्याचा येतो, रिकाम्या पोटी.